घरच्या घरी ड्रम सँडर: फळी एकसारख्या जाडीची करणारं यंत्र

गिटारच्या कडेसाठी लागणारी दोन मिलिमीटरची पट्टी, डबीच्या झाकणाची पातळ फळी, एंड ग्रेनचा (तंतूंची कापलेली टोकं वर असलेला) कटिंग बोर्ड किंवा रेषा उलटसुलट धावणारं एखादं देखणं लाकूड, यांतलं काहीच थिकनेस प्लेनरमध्ये (फिरत्या पात्यांनी फळी ठरावीक जाडीला आणणाऱ्या यंत्रात) घालायला मन धजत नाही. प्लेनरची पाती लाकूड कापतात. त्यामुळे रेषा उलटते तिथे कपची उडते, पातळ पट्टी थरथरून फुटते आणि एंड ग्रेनचा बोर्ड तर पात्याखाली तुकडे होऊन उधळू शकतो. ड्रम सँडर लाकूड कापत नाही, घासतो. पॉलिश पेपर गुंडाळलेला लांब ड्रम वेगाने फिरतो, त्याच्याखाली उंची बदलता येणारं टेबल असतं आणि दोघांच्या मधल्या फटीतून फळी सरकवायची असते. फळी फटीपेक्षा जेवढी जाड, तेवढी घासली जाते.

प्लाय गुण्यात, म्हणजे काटकोनात, कापता येत असेल आणि सरळ भोक पाडता येत असेल तर हे यंत्र घरी बांधता येतं. इथे दिलेली मापं ४५० मिलिमीटर लांब आणि १२५ मिलिमीटर व्यासाच्या ड्रमची आहेत. पहिल्या यंत्रासाठी यापेक्षा मोठा ड्रम घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. लांबी वाढली की दांडा जाड लागतो, मोटर मोठी लागते आणि सगळीच कामं अवघड होतात.

आधी भूमिती समजून घ्या

ड्रम गोल आणि टेबल सपाट, त्यामुळे दोघांची गाठ एका रेषेवर पडते. ही रेषा ड्रमच्या लांबीभर जाते. फळी ज्या दिशेने सरकते त्या दिशेला टेबल थोडं चढतं किंवा उतरतं असलं तरी जाडीत काही फरक पडत नाही, कारण घासणं त्या एका रेषेवरच होतं. मात्र ड्रमच्या डाव्या टोकाखालची फट आणि उजव्या टोकाखालची फट यांत अर्ध्या मिलिमीटरचाही फरक राहिला, तर प्रत्येक फळी एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ निघेल.

म्हणजे सगळ्या यंत्रात खऱ्या अर्थाने अचूक हवी अशी गोष्ट एकच: ड्रमचा पृष्ठभाग आणि टेबल यांची समांतरता. तीही लेथवर जाऊन मिळवायची गरज नाही. ड्रम स्वतःच्या बेअरिंगांवर फिरत असताना त्याच टेबलाचा आधार घेऊन तो घासून गोल केला की समांतरता आपोआप येते. पुढची प्रत्येक पायरी याच कल्पनेवर उभी आहे. म्हणून टेबल, बिजागरी आणि बेअरिंगची बैठक ताठ करण्यावर वेळ घाला. फ्रेम दिसायला कशी आहे याने काही बिघडत नाही.

सामान

दांड्यासाठी २० मिलिमीटरचा ब्राइट बार (अचूक व्यासाची गुळगुळीत पोलादी सळई), लांबी सुमारे ६५० मिलिमीटर. काळा रोल केलेला सळईचा तुकडा चालणार नाही, त्याचा व्यास एकसारखा नसतो आणि तो बेअरिंगमध्ये नीट बसत नाही. बेअरिंग म्हणून दोन पिलो ब्लॉक (बोल्टने बसवायच्या बैठकीसह येणारं बेअरिंग), यूसीपी २०४. यात २० मिलिमीटरचा दांडा बसतो, तळाच्या दोन बोल्टांमधलं अंतर ९५ मिलिमीटर असतं आणि दांड्याचं केंद्र बैठकीपासून ३३.३ मिलिमीटर उंच येतं. यांच्या बाहेरच्या रिंगची पाठ गोलसर असल्यामुळे दोन्ही ब्लॉक केसभर तिरके बसले तरी बेअरिंग स्वतःला जुळवून घेतं. घरगुती बांधणीसाठी हा फार मोठा दिलासा आहे.

मोटर किमान १ हॉर्सपॉवरची, शक्य असेल तर दीडची. ती पूर्ण बंद आवरणाची आणि बाहेरून पंख्याने थंड होणारी हवी. उघड्या जाळीच्या मोटरीत लाकडाची बारीक धूळ शिरते आणि गुंडाळीवर साचते. चार पोलची मोटर ५० हर्ट्झवर मिनिटाला सुमारे १४४० फेरे देते, ६० हर्ट्झवर सुमारे १७२५.

याशिवाय ए सेक्शनचा व्ही-बेल्ट, दोन पुल्या, १८ मिलिमीटरचं एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी) आणि प्लाय, १२ मिलिमीटरची एक गोल सळई, एम १० आणि एम ८ चा आट्यांचा दांडा, स्वतः चिकटणारा वेल्क्रोचा हुकवाला पट्टा आणि मागे लूप असलेला कापडी पॉलिश पेपर रोलमध्ये. कागदी पाठीचा पेपर घेऊ नका, तो ड्रमवर फाटतो.

ड्रम

एमडीएफच्या चकत्या एकमेकींना चिकटवून ड्रम करायचा. १८ मिलिमीटरच्या २५ चकत्या म्हणजे बरोबर ४५० मिलिमीटर. एखादी बिघडली तर हाताशी असावी म्हणून २६ कापा. प्लायपेक्षा एमडीएफ बरं, कारण त्याची घनता सगळीकडे सारखी असते आणि ड्रमचा तोल राखायला तेच लागतं.

आधी १३५ मिलिमीटरचे चौकोन कापा, कर्ण काढून मध्य शोधा आणि ड्रिल प्रेसवर २० मिलिमीटरचं भोक पाडा. भोक हातातल्या ड्रिलने पाडू नका, ते थोडं तरी कलतंच आणि मग चकती दांड्यावर डोलते. एका फळीला २० मिलिमीटरची खुंटी ठोकून साधी जिग बनवा. चौकोन त्या खुंटीवर बसवून बँड सॉच्या पात्याशी गोल फिरवला की १२८ मिलिमीटरची चकती निघते. भोक आधी आणि गोल नंतर हा क्रम पाळला की भोक आणि परीघ यांचं केंद्र एकच राहतं. तीन मिलिमीटर जादा ठेवले ते शेवटी घासून जाणार आहेत.

प्रत्येक चकतीत केंद्रापासून ३५ मिलिमीटरवर, समोरासमोर, ८ मिलिमीटरची दोन भोकं पाडा. त्यातून एम ८ चे दोन दांडे ड्रमच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातील. चकत्यांना पांढरा सुतारी गोंद लावायचा, दांडे ओवायचे आणि दोन्ही टोकांना नट कसायचे. हेच दांडे शिकंज्याचं काम करतात आणि गोंद वाळल्यावर आत राहून ड्रमला बळही देतात. टोकाच्या चकतीत नट बुडतील अशी खोलगट जागा आधीच करून ठेवा.

ब्राइट बारवर तेलाचा थर असतो. तो थिनरने पुसा आणि जिथे ड्रम बसणार तेवढा भाग ८० नंबरने खरवडून घ्या, मगच इपॉक्सी लावून चकत्या सरकवा. पण इपॉक्सीच्या भरवशावर राहू नका. मोटरचा सगळा पीळ दांड्याकडून ड्रमकडे जातो, म्हणून ड्रमच्या दोन्ही टोकांपाशी, टोकाच्या चकतीतून आणि दांड्यातून आरपार ६ मिलिमीटरची एकेक पिन ठोका. पिनचं टोक पृष्ठभागाच्या निदान १० मिलिमीटर आत राहिलं पाहिजे, म्हणजे ड्रम घासताना वर येणार नाही. उरलेलं भोक इपॉक्सीने भरून टाका. गोंद आणि इपॉक्सीला पूर्ण एक दिवस द्या.

असा ड्रम दांड्यासह पाच-सहा किलोंचा होतो. तो तोलात आहे का ते बेअरिंगमध्ये बसवण्याआधी बघा. दोन सरळ पट्ट्या पाणसळीत समांतर उभ्या करा आणि दांड्याची टोकं त्यांच्या धारेवर ठेवा. हलकेच ढकलल्यावर ड्रम दर वेळी एकच बाजू खाली घेऊन थांबत असेल तर ती बाजू जड आहे. तिथे टोकाच्या चकतीला एखादं उथळ भोक पाडून वजन कमी करा. बेअरिंगमध्ये बसवल्यावर ही परीक्षा फसते, कारण आतल्या ग्रीसमुळे ड्रम कुठेही थांबतो.

फ्रेम आणि टेबल

दोन बाजूंच्या उभ्या फळ्या, प्रत्येकी १८ मिलिमीटरचे दोन प्लाय चिकटवून ३६ मिलिमीटर जाड. दोन्हींमधलं आतलं अंतर ४८० मिलिमीटर, म्हणजे ड्रमच्या दोन्ही टोकांना १५-१५ मिलिमीटर मोकळे राहतात. खाली तळफळी, पुढे-मागे आडव्या पट्ट्या, सगळं गोंद आणि स्क्रूने. दोन्ही बाजू एकावर एक ठेवून एकत्रच कापा आणि त्यातली भोकंही एकत्रच पाडा. टेप घेऊन दोनदा मोजण्यापेक्षा हे कितीतरी भरवशाचं आहे.

पिलो ब्लॉक प्लायच्या कडेत स्क्रूने बसवू नका. कडेत स्क्रूची पकड कमी असते आणि थरथरीने ती सुटत जाते. प्रत्येक बाजूच्या वरच्या कडेला आतून टणक लाकडाची ५० मिलिमीटरची चौरस पट्टी चिकटवून स्क्रूने आवळा. या पट्ट्या ड्रमच्या टोकांच्या १५ मिलिमीटरच्या फटीत आडव्या येऊ नयेत म्हणून ड्रमच्या जागी त्या लागतील तेवढ्या कोरून घ्या, किंवा सरळ बाहेरच्या अंगाला लावा आणि दांडा तेवढा लांब घ्या. मी बाहेरची बाजू सुचवेन. ब्लॉकचे एम १० बोल्ट या पट्टीतून आरपार जाऊन खालून वायसर आणि नटने कसले गेले पाहिजेत.

टेबल ६०० मिलिमीटर लांब, रुंदी ४७५. ते एकाच जाड प्लायचं करू नका. वर-खाली १२ मिलिमीटरचे प्लाय आणि मध्ये १०० मिलिमीटरच्या चौकड्या पाडणाऱ्या आडव्या-उभ्या पट्ट्या, अशी पोकळ पेटी बांधा. ही पेटी पिळली जात नाही. टेबल एका टोकाला एकाच स्क्रूने उचलायचं असल्यामुळे त्याने पीळ न खाणं हा सगळ्या बांधणीचा कणा आहे. पेटी चिकटवताना ती ज्या सपाटीवर ठेवाल तीच सपाटी कायमची तिच्यात उतरते, म्हणून खालची जागा सरळपट्टीने आधी तपासा. वर लॅमिनेट लावलं की फळी सहज सरकते.

फळी जिथून आत जाते त्या टोकाला टेबल बिजागरीवर असावं. दरवाजाच्या बिजागऱ्या लावू नका, त्यांच्यात खेळ असतो. १२ मिलिमीटरची सळई दोन्ही बाजूंच्या फळ्यांतून आणि टेबलाच्या खालच्या टणक लाकडाच्या ठोकळ्यांतून आरपार घाला. भोक सळईला घट्ट बसेल एवढंच ठेवा, मेण लावा.

दुसऱ्या टोकाखाली, बरोबर मधोमध, एम १० चा उभा स्क्रू. फ्रेमच्या आडव्या पट्टीत नट बसवा, स्क्रू त्यातून वर येऊन टेबलाखालच्या पोलादी पट्टीला टेकेल. टेबल आपल्या वजनाने त्यावर बसलेलं राहतं. एम १० चा पिच, म्हणजे एका फेऱ्यात स्क्रू सरकतो ते अंतर, १.५ मिलिमीटर. ड्रम बिजागरी आणि स्क्रू यांच्या बरोबर मध्ये असल्यामुळे स्क्रूच्या एका फेऱ्यात ड्रमखालची फट त्याच्या निम्म्याने, म्हणजे ०.७५ मिलिमीटरने बदलते. स्क्रूच्या मुठीवर समान अंतरावर आठ खुणा करा. एक खूण पुढे म्हणजे ०.१ मिलिमीटरला किंचित कमी. घरगुती यंत्रात याहून बारीक माप लागत नाही. टेबल खाली घ्यायचं असेल तर नेहमी थोडं जास्त खाली घेऊन परत वर आणा, म्हणजे आट्यांमधली सैल जागा एकाच बाजूला राहते. सेट केल्यावर स्क्रू कंपनाने फिरू नये म्हणून खालून दुसरा नट आवळा.

मोटर आणि वेग

मोटर तळफळीवर, एका बाजूला बिजागरी असलेल्या प्लायच्या पाटावर बसवा. मोटरच्या वजनानेच बेल्ट ताणलेला राहतो आणि वेगळी ताणणारी व्यवस्था लागत नाही. दोन्ही पुल्या एका रेषेत आहेत का ते सरळपट्टी लावून बघा. बेल्ट कडेला घासून झिजतो तो इथेच चूक झाल्यामुळे.

वेल्क्रो आणि पेपर धरून ड्रमचा व्यास सुमारे १२८ मिलिमीटर होतो, परीघ ४०२. १४४० फेऱ्यांना पृष्ठभागाचा वेग मिनिटाला जवळपास ५८० मीटर. एवढ्यावर काम होतं, पण मोटरवर ९० मिलिमीटरची आणि ड्रमवर ७५ ची पुली लावली तर फेरे १७२८ होतात आणि वेग ६९५ मीटरच्या आसपास जातो. याच व्यासाच्या तयार लहान यंत्रांचा वेगही याच घरात असतो. याच्या फार पुढे जाऊ नका, लाकूड जळायला लागतं. मोटर ६० हर्ट्झवर चालणारी असेल तर दोन्ही पुल्या सारख्या ठेवा.

ड्रम कोणत्या दिशेला फिरतो याकडे नीट लक्ष द्या. ड्रमचा खालचा भाग फळीच्या येण्याच्या विरुद्ध, म्हणजे तुमच्याकडे सरकत आला पाहिजे. तो उलटा फिरला तर फळी तुमच्या हातातून हिसकून पलीकडे फेकतो. वीजजोडणी, अर्थिंग आणि वीज जाऊन परत आल्यावर आपोआप सुरू न होणारा स्टार्टर हे काम जाणकार इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. बंद करायचं बटण मोठं असावं आणि मांडीने दाबता येईल अशा जागी असावं, कारण हात फळीवर गुंतलेले असतात. बेल्ट आणि पुल्या झाकणाऱ्या कव्हराशिवाय यंत्र एकदाही सुरू करू नका.

धूळ

हे यंत्र लाकडाचं पीठ करतं. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाच्या धुळीची नोंद माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत केली, आणि एमडीएफच्या धुळीत फॉर्मल्डिहाइडचं रेझिनही असतं. म्हणून ड्रमवरचं धुळीचं झाकण हा यंत्राचाच भाग समजा. ड्रम गोल करण्याआधीच ते तयार असलं पाहिजे, कारण सर्वांत जास्त धूळ त्याच दिवशी उडते.

पातळ प्लायचं झाकण ड्रमच्या आकाराला धरून वाकवा, ड्रमपासून ८-१० मिलिमीटर अंतरावर. फार मोकळं झाकण हवा ओढतं, धूळ ओढत नाही. वर १०० मिलिमीटरचं तोंड आणि त्याला डस्ट कलेक्टर. घरगुती व्हॅक्यूम लवकर गुदमरतो. कलेक्टर असला तरी नाकावर निदान एन ९५ दर्जाचा मास्क हवाच.

ड्रम गोल करणं

आता सगळ्या यंत्रातलं सर्वांत महत्त्वाचं काम. सुरू करण्याआधी ड्रम आणि टेबल अर्ध्या मिलिमीटरच्या आत समांतर आणून ठेवा. एकाच तुकड्यातून कापलेले दोन सारखे ठोकळे ड्रमच्या दोन टोकांखाली ठेवा, टेबल वर घ्या आणि कोणता आधी टेकतो ते बघा. जी बाजू खाली आहे त्या बेअरिंगखाली पातळ पत्रा घाला. शीतपेयाच्या डब्याचा पत्रा साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतो, त्याच्या पट्ट्या इथे फार उपयोगी पडतात. ही पायरी गाळली तर ड्रम घासून समांतर होईल, पण तो किंचित शंकूसारखा होईल आणि मग पेपर नीट बसणार नाही.

एमडीएफची एक सपाट फळी घ्या, टेबलाएवढी रुंद आणि त्याहून १५० मिलिमीटर लांब. तिच्यावर ६० नंबरचा कापडी पेपर पूर्ण चिकटवा. तुकडे जोडावे लागले तर सांधे तिरके येतील असे कापा, सरळ सांधा ड्रमवर रेघ सोडतो. मागच्या टोकाला धरायला मूठ लावा. ड्रमवर पेन्सिलने टोकापासून टोकापर्यंत, सगळ्या परिघावर, दोन-दोन सेंटिमीटरवर रेघा ओढा.

ड्रमला काही न लावता तो सुरू करा. फळी टेबलावर ठेवून मागे-पुढे आणि थोडी डावी-उजवी सरकवत टेबल एकेक खूण वर घ्या. आधी फक्त टक-टक आवाज येतो, कारण ड्रमची उंच जागाच पेपरला लागते. हळूहळू टक-टक जवळजवळ येत जाते आणि शेवटी सलग घासल्याचा आवाज येतो. यंत्र थांबवून रेघा बघा. जिथे पेन्सिल उरली आहे तिथे ड्रम अजून खोल आहे. शेवटची रेघ गेली की थांबा, उगाच पुढे घासू नका.

मग ड्रमला पातळ केलेलं वार्निश किंवा सँडिंग सीलर पाजा. एमडीएफ दमट हवेत फुगतं, आणि सीलरशिवाय वेल्क्रोचा गोंदही धरत नाही. सुकल्यावर परत पेन्सिलच्या रेघा मारून त्याच पेपरच्या फळीने अगदी हलकं घासा. यानंतर बेअरिंगचे बोल्ट सैल करायचे नाहीत. केलेच, तर हे काम पुन्हा करावं लागेल.

वेल्क्रो आणि पेपरची पट्टी

वेल्क्रोशिवाय पेपर थेट ड्रमवर क्लिपने अडकवता येतो. त्याने फळीच्या कडा जास्त टोकदार राहतात हे खरं, कारण वेल्क्रो थोडा दबतो. तरीही नव्याने बांधणाऱ्याला मी वेल्क्रोच सांगेन. पेपर मिनिटभरात बदलतो, आणि जिथे पेपर बदलणं सोपं असतं तिथे माणूस झिजलेल्या पेपरवर काम रेटत नाही.

हुकवाला पट्टा ड्रमवर तिरपा गुंडाळा, कडा एकमेकींना टेकतील पण एकमेकींवर चढणार नाहीत अशा. सांध्याची उंचवट्याची रेघ फळीवर जशीच्या तशी उमटते.

पेपरची पट्टी कापण्यात बहुतेकांची गाडी अडते, म्हणून हिशोब सविस्तर देतो. पट्टी ७५ मिलिमीटर रुंद धरू. परीघ वेल्क्रो लावून झाल्यावर पातळ टेपने पेपरच्याच पातळीवर मोजा, इथे तो ४०२ धरला आहे. ड्रमच्या दोन्ही टोकांशी पट्टी सरळ रेषेत संपावी म्हणून तिची दोन्ही टोकं तिरकी कापावी लागतात. तिरक्या कापाची लांबी बरोबर एका परिघाएवढी, म्हणजे ४०२ भरली पाहिजे. त्यासाठी पट्टीच्या एका कोपऱ्यातून निघून समोरच्या कडेवर ३९५ मिलिमीटरवर खूण करा आणि रेघ जोडा. दुसरं टोक याच दिशेने, पहिल्या कापाला समांतर. दोन कापांमधली कड हवी २४१२ मिलिमीटर, कारण परीघ गुणिले ड्रमची लांबी भागिले पट्टीची रुंदी एवढी येते. तिरकं टोक धरून एकूण पट्टी लागते सुमारे २.८ मीटर. थोडी जास्त ठेवून गुंडाळा आणि शेवट ड्रमवरच कापा. एकदा नीट बसलेली पट्टी जपून ठेवा, पुढच्या सगळ्या पट्ट्या तिच्यावरून आखता येतात.

सुरुवातीच्या टोकापासून पट्टी ड्रमच्या फिरण्याच्या उलट दिशेने गुंडाळत जा. लाकडाचा ओढा मग तिला घट्ट करतो. वेढ्यांत मिलिमीटरभर फट राहिली तर हरकत नाही. दोन्ही टोकांना, ड्रमच्या कडेशी, धागेदार चिकटपट्टीचे दोन वेढे द्या.

पहिली फळी

दोन सारख्या जाडीच्या पट्ट्या घ्या. एक ड्रमच्या डाव्या टोकाखालून आणि दुसरी उजव्या टोकाखालून, टेबल न हलवता, काढा आणि व्हर्नियरने मोजा. फरक ०.१ मिलिमीटरच्या आत असेल तर यंत्र तयार आहे. जास्त असेल तर बेअरिंगला हात लावण्याआधी वेल्क्रोचा सांधा, पेपरखाली अडकलेला भुसा आणि टेबलाच्या बिजागरीतला खेळ तपासा. दोष बहुतेक वेळा यांतच सापडतो.

काम करताना फळी ड्रमला हलकी टेकेल इथून सुरुवात करा. ८० नंबरला एका वेळी दोन-तीन खुणा, म्हणजे ०.२ ते ०.३ मिलिमीटर. १२० आणि १५० ला एकच खूण, तीही जड वाटली तर अर्धी. फळी मिनिटाला एक-दोन मीटर या संथ वेगाने आणि न थांबता सरकवा. मध्येच थांबलात तर ड्रम तिथल्या तिथे खळगा करतो आणि तो घालवायला सगळी फळी परत घासावी लागते. टेबल वर घेण्याआधी त्याच उंचीवर फळी आणखी एकदा काढा, पहिल्या वेळी वाकलेले तंतू आणि दबलेला वेल्क्रो दुसऱ्या वेळी आपला हिशोब पूर्ण करतात. रुंद फळी थोडी तिरकी घातली तर मोटरवरचा ताण कमी होतो.

फळीच्या मागे सरळ रेषेत उभं राहू नका, बाजूला उभे राहा. ड्रमची दिशा तुमच्याकडे आहे, सुटलेली फळी त्याच वाटेने परत येते. झाकणाच्या पुढे आणि मागे स्प्रिंगने दाबलेला एकेक रबरी रोलर बसवला तर हा धोका बराच कमी होतो आणि फळीचं टोक उचलून जास्त घासलं जाण्याचा दोषही जातो. तो बसेपर्यंत ३०० मिलिमीटरपेक्षा आखूड तुकडा मोकळा घालू नका. हात कधीही झाकणाच्या कडेपलीकडे जाता कामा नये, शेवटचा भाग दुसऱ्या फळीने ढकला किंवा पलीकडून ओढून घ्या. जुनं लाकूड असेल तर आधी चुंबक फिरवून खिळे शोधा. खिळ्यावर पडलेली ठिणगी धुळीच्या पिशवीत जाऊन तासाभराने पेटू शकते, म्हणून पिशवी रोज रिकामी करा.

आखूड आणि पातळ कामासाठी वाहक फळी करा. १८ मिलिमीटरच्या सपाट एमडीएफला मागच्या टोकाला २ मिलिमीटरची पट्टी अडसर म्हणून चिकटवा आणि तुकडा दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने वर बसवा. आखूड तुकड्याच्या दोन्ही बाजूंना लांब पट्ट्या तात्पुरत्या चिकटवल्या तर तो ड्रमखाली डोलत नाही. दीड-दोन मिलिमीटरपर्यंतच्या पट्ट्या अशा सहज निघतात. टेप सोडवताना जोराने ओढू नका. कडेने थोडं थिनर सोडून मिनिटभर थांबा, पट्टी न वाकता सुटते.

देखभाल

पाइनसारखं राळेचं आणि सागवानासारखं तेलकट लाकूड पेपर लवकर बुजवतं. पेपरवर तपकिरी चकचकीत पट्टा दिसला की तिथे राळ बसली आहे, आणि पुढच्या फळीवर त्याच जागी जळकी रेघ येणार. यंत्र चालू ठेवून पेपर साफ करायचा रबरी ठोकळा हलक्या हाताने टेबलावरून ड्रमखाली धरा, हातात अधांतरी धरू नका. ठोकळा लांब घ्या, म्हणजे बोटं दूर राहतात. रबराने न निघालेल्या राळेसाठी पट्टी काढून रात्रभर गरम पाणी आणि थोड्या सोड्यात भिजवा, ब्रशने घासा आणि सपाट वाळवा. कापडी पेपर हे सोसतो. पण राळ लाल-काळी होऊन दाण्यांत घट्ट बसली असेल तर पट्टीच बदला.

बेअरिंगला वर्षातून दोनदा थोडं ग्रीस द्या. बेल्टची पकड आणि पुल्या व बेअरिंग दांड्याला धरून ठेवणारे ग्रब स्क्रू दर महिन्याला तपासा, कंपनाने सैल होणारी पहिली गोष्ट तीच असते. काम संपलं की टेबल एक फेरा खाली घेऊन ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी विसरून जाड फळी आत ढकलली तरी ड्रम तिच्यात रुतत नाही.